गाठ काढल्यावर शेक कुठे द्यायचा?

मेंदूत गाठ सापडली म्हणजे ती मेंदूचीच असते असे नाही. प्रौढ माणसांच्या मेंदूत आढळणाऱ्या कर्करोगाच्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी बाहेरून आलेल्या असतात. मूळ रोग फुप्फुसात, स्तनात, मूत्रपिंडात, आतड्यात किंवा त्वचेच्या मेलॅनोमात असतो आणि तिथल्या काही पेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन रुजतात. दवाखान्यात अशा गाठीला सरसकट ‘सेकंडरी’ म्हणतात. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे माई म्हणतो, तिच्या स्तनाच्या कर्करोगाची अशी एक गाठ लहान मेंदूत निघाली, तेव्हापासून या विषयावरचे मूळ शोधनिबंध मिळतील तसे वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही. नोकरीची सारी वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी कोष्टकांवर जाते आणि मग निष्कर्षांवर. पुढे जे लिहिले आहे ते त्या नजरेने लिहिले आहे. कोणाच्याही उपचाराचा निर्णय त्यावरून होऊ नये, तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच करायचा आहे.

या वाचनात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते एका गोष्टीने. प्रत्येक चाचणीत काय मोजायचे हे कोणीतरी आधी ठरवलेले असते, आणि त्यानंतर दहा-वीस वर्षे असंख्य रुग्णांना कोणता उपचार मिळणार हे बरेचसे त्या ठरवण्यावर अवलंबून राहते. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यानंतर साऱ्या मेंदूला शेक, म्हणजे किरणोपचार, द्यावा, की गाठ जिथे होती तेवढ्याच पोकळीला द्यावा, या वरकरणी साध्या प्रश्नाचे उत्तर साधारण तीस वर्षांत जवळजवळ उलटे झाले, आणि ते उलटण्यात नव्या यंत्रांइतकाच वाटा नव्या मोजमापाचा आहे.

सुरुवातीची परिस्थिती आज नीट कल्पनेत येत नाही. १९५०च्या दशकात अशा रुग्णांना क्ष-किरणांचे उपचार देण्यास सुरुवात झाली, तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. गाठी किती आहेत आणि नेमक्या कुठे आहेत हे खात्रीने सांगता येत नसे, तेव्हा सबंध डोक्यालाच शेक देणे हा त्या काळी शहाणपणाचाच मार्ग होता. १९६१ मध्ये मिनिआपोलिस येथील गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड किती परिणामकारक आहे हे दाखवून दिले, आणि आजही गाठ कळली की बहुधा पहिली गोळी हीच सुरू होते. डोकेदुखी एक-दोन दिवसांत उतरते, भूक खवळते, झोप उडते आणि मधुमेह असेल तर साखर चढते. माईच्या बाबतीत हे सगळे याच क्रमाने झाले. शेक आणि स्टेरॉइड या जोडीवर तीसेक वर्षे निघाली. गाठ एकटीच असेल तर ती कापून काढण्याचा कल काही शल्यविशारदांत होता, पण त्याने खरोखर आयुष्य वाढते की मुळात जे रुग्ण तब्येतीने बरे होते तेच शस्त्रक्रियेसाठी निवडले गेले म्हणून ते जास्त जगलेले दिसतात, हे सांगणे अवघड होते. संख्याशास्त्राच्या वर्गात निवडीच्या पूर्वग्रहाचे उदाहरण हवे असेल तर याहून चांगले मिळणार नाही.

तो गुंता अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या रॉय पॅचेल यांनी सोडवला. त्यांची चाचणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात अवघे ४८ रुग्ण होते. ज्यांच्या मेंदूत एकच गाठ आहे आणि जे बऱ्यापैकी स्वतःचे स्वतः करू शकतात, अशा रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले गेले. २५ जणांची गाठ शस्त्रक्रियेने काढून नंतर साऱ्या मेंदूला शेक दिला, तर २३ जणांना सुईने तुकडा काढून तपासून केवळ शेक दिला. शेकाची मात्रा दोन्हीकडे सारखीच, १२ बैठकांत ३६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक). शस्त्रक्रियेच्या गटात मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ४० आठवडे आले आणि दुसऱ्या गटात १५. गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचे प्रमाण २० टक्के विरुद्ध ५२ टक्के. एवढा मोठा फरक असला की ४८ रुग्णही पुरतात.

पण माझ्या दृष्टीने त्या निबंधातले अधिक मोलाचे आकडे वेगळेच आहेत. पॅचेल यांनी रुग्ण किती काळ स्वावलंबी राहिला हेही मोजले होते, आणि ते मध्यक ३८ आठवडे विरुद्ध ८ आठवडे असे आले. दोन मध्यकांची आपसात वजाबाकी करू नये असे मी पोरांना बजावत आलो आहे, तरीही या आकड्यांशेजारी आयुर्मानाचे आकडे ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण जगला त्यातला बहुतेक काळ आपल्या पायावर जगला, आणि केवळ शेक मिळालेल्याचा निम्मा काळ दुसऱ्याच्या आधाराने गेला. घरात असा रुग्ण असलेल्यांना या फरकाचा अर्थ सांगावा लागत नाही.

त्याच निबंधातली आणखी एक नोंद वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली जाते. चाचणीत घेतलेल्या ५४ जणांपैकी ६ जणांची गाठ तपासल्यावर सेकंडरी निघालीच नाही. कोणाला मेंदूचीच वेगळी गाठ होती, तर कोणाला संसर्ग किंवा सूज होती. हे सगळे आधीपासून कर्करोगाचे निदान झालेले रुग्ण होते आणि स्कॅनवर चित्र अगदी सेकंडरीसारखे दिसत होते. म्हणजे तुकडा न तपासता उपचार केले असते तर नवांतल्या एकाला नको तो उपचार मिळाला असता. आपल्याकडे ही नोंद आणखी गांभीर्याने घ्यायला हवी, कारण भारतात एमआरआयमध्ये कडेने चकाकणारी गोल गाठ दिसली की क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची पुटी या दोन शक्यता नेहमीच समोर असतात. माईचा कर्करोग आधीच माहीत असतानाही तिच्या डॉक्टरांनी पॅथॉलॉजीचा अहवाल येईपर्यंत शेकाची तारीख दिली नव्हती, आणि त्या थांबण्याचे कारण मला हा निबंध वाचल्यावरच कळले.

पुढे १९९३ मध्ये नेदरलँड्समधील ६३ रुग्णांच्या चाचणीने पॅचेल यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. १९९६ मध्ये कॅनडातील ८४ रुग्णांच्या चाचणीने मात्र दिला नाही; तिथे शस्त्रक्रियेने आयुष्य वाढलेले दिसले नाही. या विसंगतीचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे, की कॅनडातील चाचणीत अधिक अशक्त झालेले आणि शरीरात इतरत्र रोग पसरलेले रुग्णही घेतले होते. मेंदूतली गाठ कितीही सफाईने काढली तरी यकृतातला किंवा फुप्फुसातला रोग थांबत नाही. शस्त्रक्रिया कोणाची करावी हे गाठीवर जितके अवलंबून आहे तितकेच ते बाकीच्या शरीरावर अवलंबून आहे, हे या तीन चाचण्या एकत्र वाचल्या तरच नीट समजते.

शस्त्रक्रिया करावी हे ठरल्यावर पॅचेल यांनी पुढचा प्रश्न घेतला: गाठ पूर्णपणे काढली आहे आणि नंतरच्या एमआरआयमध्ये काहीही उरलेले दिसत नाही, तर साऱ्या मेंदूला शेक द्यायचाच कशाला? ही दुसरी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९५ रुग्णांपैकी ४९ जणांना शेक दिला आणि ४६ जणांवर नुसती नजर ठेवली. मेंदूत कुठेही गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण शेक घेतलेल्यांत १८ टक्के आणि न घेतलेल्यांत ७० टक्के निघाले. मूळ जागीच पुन्हा येण्याचे प्रमाण १० विरुद्ध ४६ टक्के होते. शल्यविशारद ‘सगळी काढली’ म्हणतो तेव्हा डोळ्यांना दिसणारी सगळी काढली एवढाच त्याचा अर्थ असतो, हे या ४६ टक्क्यांनी कायमचे सिद्ध केले.

आता या चाचणीचे दुसरे अंग पाहा. एकूण आयुर्मानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. ४८ आठवडे आणि ४३ आठवडे. स्वावलंबी राहण्याच्या काळातही फरक नव्हता. शेक घेतलेले रुग्ण मेंदूच्या कारणाने कमी दगावले, १४ टक्के विरुद्ध ४४ टक्के, पण तितक्याच काळात ते शरीरातल्या इतर रोगाने दगावले. आणि रुग्णाची स्मरणशक्ती, नवीन गोष्ट ध्यानात ठेवण्याची ताकद, बोलताना शब्द सुचण्याचा वेग, यांपैकी काहीही पद्धतशीरपणे मोजलेले नव्हते. चाचणीचा मुख्य निकष मेंदूत गाठ पुन्हा येते की नाही हा होता आणि त्या निकषावर शेकाने निर्विवाद बाजी मारली. त्यानंतर साधारण वीस वर्षे शस्त्रक्रियेमागोमाग साऱ्या मेंदूला शेक ही रूढ पद्धत राहिली. हा दोष मी पॅचेल यांना देणार नाही. त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्यांना बिनचूक मिळाले होते. प्रश्नाबाहेरचे उत्तर त्यातून वाचले ते वाचणाऱ्यांनी.

धोक्याची सूचना तर त्याआधीच मिळालेली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील लिसा डीअँजेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अशा १२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, ज्यांना साऱ्या मेंदूचा शेक मिळाला, मेंदूतला कर्करोग आटोक्यात आला, आणि नंतर त्यांना हळूहळू स्मृतिभ्रंश, चालताना तोल जाणे आणि लघवीवर ताबा न राहणे असा त्रास सुरू झाला. त्यांपैकी बहुतेकांना दर बैठकीला बरीच मोठी मात्रा दिली गेली होती. म्हणूनच पॅचेल यांच्या दुसऱ्या चाचणीत ५०.४ ग्रे ही एकूण मात्रा २८ लहान हप्त्यांत वाटलेली दिसते. मात्र साडेपाच आठवडे रोज रुग्णालयात जाणे हे ज्याच्या आयुष्याचा अंदाजच महिन्यांत करायचा आहे अशा माणसाला परवडणारे नसते, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी १० बैठकांत ३० ग्रे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे दोन आठवडे, हाच परिपाठ राहिला.

दरम्यान दुसऱ्या बाजूने एक जुनी कल्पना पक्व होत होती. स्टॉकहोमचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्येच रेडिओसर्जरीची कल्पना मांडली होती: कवटी न उघडता, अनेक दिशांनी आलेले बारीक किरण एकाच बिंदूवर एकत्र आणायचे, म्हणजे प्रत्येक किरणाच्या वाटेतल्या मेंदूला थोडीच मात्रा मिळते आणि जिथे सगळे मिळतात तिथे प्रचंड मात्रा जमते. कोबाल्ट-६०चे अनेक स्रोत वापरणारे त्यांचे पहिले गामा नाइफ १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झाले. आपल्याकडे ते १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले. लेक्सेल यांच्या डोळ्यांसमोर मेंदूचे कार्यात्मक विकार होते, कर्करोगाची सेकंडरी नव्हे. परंतु सेकंडरी बहुधा गोल, सुटी आणि कडा स्पष्ट असलेली असते, आणि अशा लक्ष्यासाठी हे तंत्र जणू मापून शिवलेले निघाले.

मग वाद सुरू झाला. जपानमधील १३२ रुग्णांच्या २००६ सालच्या चाचणीत एक ते चार गाठी असलेल्यांना केवळ रेडिओसर्जरी किंवा रेडिओसर्जरी अधिक साऱ्या मेंदूला शेक, असे उपचार दिले गेले. वर्षभरात मेंदूत पुन्हा गाठ येण्याचे प्रमाण केवळ रेडिओसर्जरीच्या गटात ७६.४ टक्के आणि जोड उपचारात ४६.८ टक्के, आयुर्मान मात्र दोन्हीकडे आठ महिन्यांच्या आसपास. शेकाच्या बाजूचे डॉक्टर म्हणत, पुन्हा येणारी गाठ स्वतःच बुद्धीचे नुकसान करते, तेव्हा ती येऊ न देणे हेच बुद्धीचे रक्षण. हा युक्तिवाद मुळीच टाकाऊ नव्हता. विरुद्ध बाजू म्हणे, नवीन गाठ आली तर तिच्यावर पुन्हा रेडिओसर्जरी करता येते, पण शेकाने गेलेली स्मृती परत आणता येत नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला स्मृतीच मोजायला हवी होती.

ती मोजली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील एरिक चँग आणि सहकाऱ्यांनी, २००९ मध्ये. त्यांनी वापरलेली हॉपकिन्स चाचणी साधी आहे: रुग्णाला १२ शब्दांची यादी वाचून दाखवायची, आठवतील तितके शब्द म्हणवून घ्यायचे, असे तीन वेळा करायचे, मग वीस-पंचवीस मिनिटे दुसऱ्या कामात गुंतवून पुन्हा अचानक विचारायचे. कागद आणि पेन्सिल पुरते. चार महिन्यांनी शब्द आठवण्याच्या क्षमतेत ठळक घसरण झालेल्यांचा अंदाज जोड उपचारात ५२ टक्के आणि केवळ रेडिओसर्जरीत २४ टक्के आला, आणि देखरेख समितीने ५८ रुग्णांवरच चाचणी थांबवली. या चाचणीविषयी माझी एक शंका आहे. तिच्यात केवळ रेडिओसर्जरीवाले १५.२ महिने जगले आणि जोड उपचारवाले ५.७ महिने. साऱ्या मेंदूला शेक दिल्याने आयुष्य एवढे घटते असे दुसऱ्या कुठल्याच मोठ्या चाचणीत दिसलेले नाही, म्हणजे ५८ जणांच्या वाटणीत नशिबाने एका गटात जास्त आजारी माणसे गेली असण्याचा संभव दाट आहे. आणि जो मृत्यूच्या जवळ आलेला आहे त्याची स्मृती घसरणारच.

त्यामुळे २०१६ मध्ये पॉल ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील २१३ रुग्णांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला हे फार चांगले झाले. तीन महिन्यांत बौद्धिक क्षमता घसरलेल्यांचे प्रमाण जोड उपचारात ९१.७ टक्के आणि केवळ रेडिओसर्जरीत ६३.५ टक्के. हे आकडे पाहून कोणी घाबरून जाऊ नये. अनेक चाचण्यांपैकी कोणत्याही एका चाचणीत ठरावीक मर्यादेपलीकडे गुण उतरले तरी ‘घसरण’ धरली होती, आणि इतक्या चाचण्या असल्या की एखादीत गुण उतरणे निरोगी माणसालाही अवघड नाही. म्हणून निरपेक्ष आकड्यांपेक्षा दोन गटांतले अंतर पाहायचे. आयुर्मानात दोघांत सांख्यिकीय फरक नव्हता.

यानंतरच्या वर्षी नेमका माईचा प्रश्न सोडवणाऱ्या दोन चाचण्या एकत्रच प्रसिद्ध झाल्या. एम. डी. अँडरसनमधील अनिता महाजन यांच्या चाचणीत १३२ रुग्णांची गाठ काढल्यावर निम्म्यांच्या पोकळीवर रेडिओसर्जरी केली आणि निम्म्यांना काहीच दिले नाही. वर्षभर पोकळी स्वच्छ राहण्याचे प्रमाण ७२ टक्के विरुद्ध ४३ टक्के. काहीच न करणे हा पर्याय त्यामुळे पुन्हा एकदा बाद झाला. दुसऱ्या चाचणीत अमेरिका आणि कॅनडातील १९४ रुग्ण होते, आणि गाठ काढल्यावर एका गटाला पोकळीपुरती रेडिओसर्जरी, दुसऱ्याला साऱ्या मेंदूला शेक मिळाला. सहा महिन्यांनी बौद्धिक घसरण ५२ टक्के विरुद्ध ८५ टक्के. मध्यक आयुर्मान १२.२ महिने आणि ११.६ महिने, म्हणजे व्यवहारात सारखेच. मेंदूत गाठी पुन्हा न येऊ देण्यात साऱ्या मेंदूचा शेक याही चाचणीत सरस ठरला, अगदी पोकळीच्या जागीसुद्धा. १९९८ चा निष्कर्ष खोटा पडला नाही. तो ज्या निकषावर उभा होता तो निकष दुसऱ्या क्रमांकावर गेला.

हाच विचार आपल्या परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयात, कितीतरी आधी चालू होता याचा मला अभिमान वाटतो. आजार वेगळा होता: मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूतल्या सौम्य आणि मंद वाढणाऱ्या गाठी, ज्या शस्त्रक्रियेनंतर उरल्या होत्या किंवा पुन्हा वाढू लागल्या होत्या. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण घेतले, दोन्ही गटांना ३० बैठकांत ५४ ग्रे अशी सारखीच मात्रा दिली, आणि फरक केवळ तंत्रात ठेवला. एका गटात किरण गाठीच्या आकाराबरहुकूम काटेकोर बसवले, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने दिले. पाच वर्षे या मुलांची बुद्धिमत्ता आणि संप्रेरके तपासत राहिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा काटेकोर पद्धतीत बुद्ध्यंक चांगला टिकला होता आणि संप्रेरकांचा नवा बिघाड ३१ टक्क्यांना झाला होता, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्क्यांना. आपल्या देशात, जिथे उपचार संपल्यावर रुग्ण गावी गेला की त्याचा पत्ता लागणे मुश्कील, तिथे पाच वर्षे मुलांना परत परत बोलावून परीक्षा घेत राहणे हे केवढे चिकाटीचे काम आहे! या संशोधनाची मराठी वर्तमानपत्रांत जेवढी दखल घेतली जायला हवी होती तेवढी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

माईच्या पोकळीवर शेवटी रेडिओसर्जरीच झाली. पोकळी मोठी असल्याने ती एका बैठकीत न देता काही हप्त्यांत वाटली. त्याआधी तिचा मास्क बनवताना मला काचेआडून पाहता आले. प्लास्टिकची जाळीदार पांढरी चौकट गरम पाण्याच्या ट्रेमधून काढली, पाणी टिपून घेतले आणि दोन तंत्रज्ञांनी दोन बाजूंनी धरून ती तिच्या चेहऱ्यावरून खाली ओढून टेबलाला अडकवली. “आजी, हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या,” असे त्यांतली मुलगी सांगत होती आणि बोटांनी नाकाच्या कडेची जाळी दाबून बसवत होती. काही मिनिटांत ती जाळी थंड होऊन कडक झाली. मास्क काढल्यावर माईच्या कपाळावर आणि गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले होते. रेडिओसर्जरीत चूक चालते ती मिलिमीटरांत, आणि त्या अचूकतेची सुरुवात या मास्कपासून होते.

माई प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. पावकी, निमकी, अडीचकी तिला पाठ आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर आपले डोके ठीक आहे ना हे ती त्यांवरूनच तपासत असे. ही काही शास्त्रीय कसोटी नव्हे, हे मी तिला सांगून पाहिले. लहानपणी पाठ केलेले सर्वांत शेवटी जाते. शेकाने आधी धोक्यात येते ती नवी गोष्ट धरून ठेवण्याची शक्ती, आणि तिच्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. म्हणून ज्यांना साऱ्या मेंदूचा शेक टाळताच येत नाही त्यांच्यासाठी तो भाग वगळून शेक देण्याची पद्धत निघाली, आणि ५१८ रुग्णांच्या २०२० सालच्या अमेरिकी चाचणीत मेमँटिन या औषधासोबत ती वापरल्यावर बौद्धिक घसरणीचा धोका आणखी कमी झालेला दिसला. माईला मात्र पाढेच बरे वाटतात.

हे सगळे वाचून ‘साऱ्या मेंदूचा शेक वाईट’ असा समज करून घेणे चुकीचे होईल. खूप गाठी असतील, किंवा मेंदूच्या आवरणात रोग उतरला असेल, तर बऱ्याचदा तोच उपाय हाताशी असतो. दुसऱ्या टोकाला ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील ५३८ रुग्णांची २०१६ ची चाचणी आहे: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ज्या सेकंडरीवर शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरी करण्यासारखी नव्हती, अशा रुग्णांना स्टेरॉइड आणि शुश्रूषेसोबत साऱ्या मेंदूचा शेक दिल्याने आयुर्मान वाढले नाही आणि जगण्याच्या दर्जातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अत्यंत आजारी माणसाला रोज गाडीत घालून शेकासाठी नेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि काहीतरी केल्याचे समाधान कोणाचे असते हा प्रश्न मला तिथे पडतो.

सध्या ज्या चाचण्या चालू आहेत त्यांत शस्त्रक्रियेच्या आधीच गाठीवर रेडिओसर्जरी करून मग ती काढण्याचा विचार तपासला जातो आहे, कारण काढताना पेशी सांडून मेंदूच्या आवरणात पसरण्याचा धोका असतो आणि लहान मेंदूतल्या गाठीत तो अधिक मानतात. त्यांचे निष्कर्ष येतील तेव्हा येतील. माझ्या मनात घोळणारा प्रश्न आपल्याकडचा आहे. केवळ पोकळीला शेक देण्याचा मार्ग दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय होणार हे गृहीत धरतो. नवी गाठ लहान असतानाच पकडली तरच पुन्हा रेडिओसर्जरी करता येते. माईचा मुलगा पुण्यात आहे, तिचा एमआरआय चुकत नाही. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आतल्या गावातून आलेल्या बाईला तीन महिन्यांनी परत या म्हटले आणि ती सुगी संपल्यावर, डोके दुखू लागल्यावर आली, तर उत्तर अमेरिकेतल्या १९४ रुग्णांचा तो हिशोब तिला लागू पडतो का? तिच्या डॉक्टरांनी एकदाच सारा मेंदू शेकून घ्यावा असे ठरवले तर मी त्यांना मागासलेले म्हणणार नाही. पण ते ठरवण्याआधी तिचा एमआरआय तालुक्याच्या जवळ कुठे होऊ शकेल, त्याचे पैसे महात्मा फुले योजनेतून मिळतील का, आणि तारीख आठवून तिला गाडीत बसवून देणारे घरात कोण आहे, एवढी चौकशी केसपेपरवर लिहिलेली मला पाहायला आवडेल.